बोर्डातला माणूस

आमच्या घरात लाईट गेली की सगळ्यांच्या माना आबांकडं वळायच्या. आबा जेवत असोत नाहीतर रेडिओला कान लावून बसलेले असोत, उठून आधी खिडकीपाशी जायचे आणि गल्लीत डोकवायचे. "आपलीच न्हाई, सगळ्यांची गेलीया," असं म्हणाले की काकी निवांतपणे कंदिलाची काच पुसायला घ्यायची. आपल्याच घरची गेली असली तर किटकॅट फ्यूज, गल्लीची गेली असली तर डीपीवरचा डीओ फ्यूज उडाला, आणि सगळी पेठच अंधारात असली तर सबस्टेशन. ही विद्या आम्ही पोरं पाढ्यांच्याही आधी शिकलो.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पस्तीस वर्षं लाईनवर काढली. 'महावितरण' हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. त्यांचं ते बोर्डच. आणि कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत त्यांची ओळखही तीच, 'बोर्डातला माणूस'. त्यांचं खरं नाव लग्नपत्रिकेपुरतं.

वीज आमच्या घरात गोष्टीसारखी आली. आजीच्या बोलण्यात ती राधानगरीहून चालत यायची. शाहू महाराजांनी तिथं धरणाला हात घातला, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि स्वातंत्र्यानंतर पन्नाशीच्या दशकात धरणाखाली वीजघर फिरू लागलं. सगळं मिळून 4.8 मेगावॅट. आजच्या दोन-तीन पवनचक्क्या तेवढी वीज काढतात, पण आजी त्या वीजघराबद्दल अंबाबाईच्या किरणोत्सवाइतक्याच भक्तीनं बोलायची. 20 जून 1960 ला राज्याचं विद्युत मंडळ, म्हणजे आबांचं बोर्ड, झालं, 1962 ला कोयनेची वीज सुरू झाली, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप. आजी सांगायची, फळीवरची पितळी भांडी एकापाठोपाठ एक खाली आली आणि शेवटचा तांब्या बराच वेळ गरगरत राहिला. आबांचं म्हणणं, त्या भूकंपानंतर लाईनच्या कामाला माणसं घेतली, त्यातच मी लागलो. काकीचं म्हणणं, भूकंपाचा काही संबंध नाही, तिच्या वडलांनी शब्द टाकला म्हणून लागले. दोघांनी आपापली गोष्ट शेवटपर्यंत सोडली नाही. साल 1968, एवढ्यावर मात्र एकमत.

सुरुवातीची वर्षं एनएमआरवर गेली. म्हणजे नुसत्या हजेरीपटावर, गेलं तर पैसे, नाही गेलं तर नाही. महिन्याला हातात काय पडायचं, तर आबांच्या आठवणीत एकशे दहा, काकीच्या आठवणीत ऐंशी. संसार काकी चालवायची, म्हणून मी ऐंशीच धरतो. कायम झाल्याची ऑर्डर आली त्या दिवशी आबांनी घरी मटण आणलं आणि ऑर्डरचा कागद देवाऱ्यात, अंबाबाईच्या टाकामागं ठेवला. हे युनियनमुळं झालं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. ए. बी. बर्धन यांचं भाषण त्यांनी एकदा ऐकलं होतं. बंगाली घरातला, नागपुरात वाढलेला हा माणूस वीज कामगारांचा पुढारी होता आणि पुढं कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला. ती सभा सांगलीत होती की मिरजेत, हे आबांना शेवटी शेवटी नक्की सांगता येत नव्हतं. येताना भडंगाची पुडी आणली होती, एवढं मात्र काकीला आठवत होतं.

आबा कम्युनिस्ट नव्हते. दर शुक्रवारी अंबाबाईला जाणारे, जोतिबाचा गुलाल कपाळभर लावणारे. तरी बिंदू चौकातल्या लाल बावट्याच्या ऑफिसात अडीअडचणीला जायचे. गोविंद पानसरे कामगारांचे खटले लढायचे, आणि त्यांच्यासमोर बसताना टोपी काढावी की ठेवावी, याचा आबांना दरवेळी प्रश्न पडायचा. फेब्रुवारी 2015 मध्ये पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, ते चार दिवसांनी गेले, तेव्हा आबा दिवसभर जेवले नाहीत. काकीनं ताट झाकून ठेवलं होतं, ते रात्री तसंच उचललं.

पण मला सांगायचाय तो 2001 चा बेंदूर.

बेंदराला सगळं घर गोळा व्हायचं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. धाकटे चुलते तात्या नदीकाठच्या मळ्यातून यायचे, आत्या आणि दाजी इचलकरंजीहून. दाजींचे माग होते. म्हणजे एकाच पंगतीत वीज वापरणारा शेतकरी, वीज विकत घेणारा यंत्रमागवाला आणि खांबावर चढणारा माणूस. तेव्हा वर्तमानपत्रं बोर्डाच्या तोट्यानं भरलेली असायची. एन्रॉनचा दाभोळचा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा 1999 च्या मेमध्ये सुरू झाला होता. त्या विजेचा दर काही महिन्यांत युनिटला सात रुपयांच्या वर गेला आणि 2001 च्या मेमध्ये बोर्डानं ती घेणंच बंद केलं. आमच्या कोल्हापूरचे एन. डी. पाटील हा धोका गावोगाव सांगत फिरले होते. तरी पंगतीत विषय निघाला तो पगाराचा.

"दादा, रागावू नगा," तात्या म्हणाले, "पर रात्री अकराला लाईट सोडत्यात. साप-किरडू बघत उसाला पाणी पाजायचं आमी, आन् पगारवाढ मागायची तुमच्या युनियननं?"

दाजींचं दुखणं वेगळं. "दर वाढला की माझं कापड महागतं. आणि शेतीची वीज म्हणून जी दाखवतात, ती खरी शेतीत जाते का? गळती आणि चोरी त्यातच खपवतात." हे इचलकरंजीत मुरलेलं बोलणं होतं. तिथले प्रताप होगाडे वीज ग्राहकांच्या बाजूनं हाच हिशेब वर्षानुवर्षं मांडत आलेत. मोटरला मीटर नाही, बिल हॉर्सपॉवरवर. मग किती युनिट शेतात गेली हे अंदाजानंच ठरायचं, आणि अंदाजात काय काय मावत नाही!

आबा पुरणपोळीवर तूप घेत गप्प बसले होते. मग हात न धुताच उठले, खुंटीवरच्या पिशवीतून आपली पक्कड काढली आणि दोघांच्या मधे ठेवली. ती पक्कड मला अजून दिसते. मुठीवरचं लाल रबर आबांच्या बोटांच्या खुणांनी दबलेलं, एका बाजूला फाटलेलं, त्यावर काळी टेप गुंडाळलेली. त्यांच्या एका जोडीदारानं रीतसर लाईन बंद करून घेतली होती आणि तो खांबावर चढला होता. जवळच्या एका लग्नघरी कुणीतरी जनरेटर लावला, पण घरची लाईन तोडायची राहिली. करंट उलटा तारेवर आला. ही पक्कड मुळात त्याची. वरनं आबांच्या पायाशी पडलेली.

"पगाराचा हिशेब करताना ह्योबी धरा," एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले.

तात्यांनी पुढचा घास बराच वेळ घेतला नाही. अर्थात वाद मिटला असं नाही, घरातले वाद कुठं असे मिटतात! दाजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि तात्यांचं तर नव्हतंच. रात्रीच्या पाण्यानं त्यांच्या शेजारच्या मळ्यातला तरणा गडी सापानं गेला होता. आबासुद्धा आपल्या माणसांचं सगळं गोड मानणारे नव्हते. हजेरीवर सही करून स्वतःच्या रानात जाणारा एक जण होता, त्याची पाठराखण झाली तेव्हा आबा महिनाभर युनियनच्या बैठकीला गेले नाहीत.

पण इतकी वर्षं हा वाद ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. बुडत्या बोर्डाचा हिशेब निघाला की बोट पहिलं खांबावरच्या माणसाकडं जातं, कारण तो दिसतो. सगळ्यात मोठा खर्च वीज विकत घेण्याचा. त्याचे करार कुठल्या खोलीत झाले ते कुणाला दिसत नाही. 2004 च्या निवडणुकीआधी शेतीची वीज फुकट जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी ती मागे घेतली, त्याचा भार कुणाच्या वहीत पडला तेही दिसत नाही. 2024 च्या जुलैत वीज कर्मचाऱ्यांच्या मूळ पगारात 19 टक्के आणि भत्त्यांत 25 टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या तोंडी बेंदराच्या पंगतीतलीच वाक्यं होती. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून शेतीच्या साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरांना वीज फुकट झाली, त्यावर मात्र कुणी आवाज चढवला नाही. आणि आबांच्या वेळचा एनएमआर आता कंत्राटी कामगार म्हणून खांबावर चढतोय.

6 जून 2005 ला बोर्ड फुटून कंपन्या झाल्या. आबा दोन वर्षं आधीच निवृत्त झाले होते. सरकारी नोकरासारखी पेन्शन नव्हती, फंड मिळाला त्यातून माडी चढवली. बोर्ड फुटलं त्या दिवशी सायकलवरून ताराबाई पार्कातल्या ऑफिसापर्यंत गेले, समोर चहा घेतला आणि परत आले. "पाटी हाय अजून," म्हणाले.

ऑगस्ट 2019 चा महापूर आला तेव्हा त्यांना जिना उतरवत नव्हता. पाणी ओसरल्यावर गल्लीत लाईनवर चार पोरं आली. गुडघाभर गाळ, डोळ्यांत झोप. आबांनी खिडकीतूनच विचारलं, "अर्थिंग केलंय न्हवं?" एकानं वर बघून हात केला. मग काकीला म्हणाले, पिठलं टाक. भाकऱ्या, पिठलं आणि खर्डा टोपलीतून दोरीनं खाली सोडला. त्यातला कायम कोण आणि कंत्राटी कोण, हे वरून कळत नव्हतं.

आणि मग जानेवारी 2023. अदानींच्या कंपनीनं भांडुप, ठाणे, नवी मुंबईकडच्या भागासाठी समांतर परवाना मागितला होता. त्याविरुद्ध तीसहून जास्त संघटना 72 तासांच्या संपावर निघाल्या. 3 तारखेला पेठेत गिरणीपुढं डब्यांची रांग, मोबाईल चार्जिंगला, टाक्या काठोकाठ. काकीनं दोन पायल्या जोंधळा दळून आणला. शेजारचा पोरगा जिन्यातूनच ओरडला, "आबा, तुमची माणसं आम्हाला अंधारात बसवणार!" आबा हसले नाहीत. "सबस्टेशनला कुणीतरी असंलच," म्हणाले, आणि रात्री दोनदा उठून खिडकीशी गेले. 4 तारखेला तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस यांच्याबरोबर बैठक झाली आणि संप मागे घेतला. आमच्या गल्लीत लाईट गेलीच नव्हती.

पुढच्याच वर्षी आबा गेले. पण संप मिटला त्या दिवशी ते दुपारभर झोपले, आणि काकीनं दळून आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या आम्ही पुढं पंधरा दिवस खात होतो.