भिंतीवरचे औषध, टोमॅटोवरचे औषध : कीटकनाशकांच्या इतिहासातील एक उलटापालट

वैतरणा जिथे समुद्राला मिळते, तिथे मुखाशी अर्नाळ्याचा जलदुर्ग आणि उत्तर तीरावर दातिवरे. इतिहासाच्या पुस्तकांत हा किनारा बहुधा पोर्तुगीजकालीन कोट-गढ्यांमुळे येतो. मात्र १९५८ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्याचे नाव एका निराळ्याच लढाईच्या नोंदीत आले. टी. बी. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवतापविषयक नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. जिल्ह्यातील ‘ॲनोफेलिस क्युलिसिफेसीस’ हा हिवताप पसरवणारा डास डायएल्ड्रिन या कीटकनाशकाला दाद देईनासा झाला असावा, असा त्याचा आशय होता.

या टिपणाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरांच्या भिंतींवर फवारणी होऊ लागली. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावतो, तिथले औषध त्याच्या पायांना लागते आणि तो मरतो. म्हणजे औषध जितके दिवस टिकेल तितके चांगले. अवशेष हाच त्याचा गुण होता. फळही मोठे मिळाले. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेले रुग्ण १९६५ पर्यंत सुमारे एक लाखावर आले.

पण टिकणारे औषध सतत निवड करत असते. लाखो डासांत जे मोजके जन्मतः तग धरणारे असतात, तेच मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांची होते. हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. अमेरिकेतील मेलँडर यांनी फळबागांतील खवले किडीच्या निरीक्षणावरून १९१४ मध्येच हा प्रश्न विचारला होता. १९७६ मध्ये देशातील रुग्णसंख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. दोष एकट्या प्रतिकारशक्तीचा नव्हता. निधी, साठा आणि देखरेख यांतही ढिलाई आली होती. तरीही ठाण्याच्या टिपणातील इशारा खरा ठरला.

योगायोग असा की त्याच १९५८ साली केरळात अवशेषांची दुसरी बाजू उघडी पडली. जहाजातून आलेल्या धान्यमालात ‘फॉलिडॉल’ हे कीटकनाशक मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. भिंतीवर जे टिकणे हवेहवेसे होते, तेच अन्नावर जीवघेणे ठरले.

ही दोन्ही सूत्रे टोमॅटोत एकत्र येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि कर्नाटकात ‘टुटा ॲब्सोल्युटा’ या दक्षिण अमेरिकी नागअळीची नोंद झाली. १९१७ मध्ये पेरूतील नमुन्यांवरून वर्णिलेली ही कीड २००६ मध्ये स्पेनला पोहोचली आणि आठ वर्षांत इथे आली. तिची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये किंवा फळाच्या आत राहते, त्यामुळे वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. अनुकूल हवामानात वर्षाला दहा-बारा पिढ्या होतात. हिवतापाच्या डासावर जे घडायला वर्षे लागली, ते इथे फार लवकर घडू शकते. इटलीतील काही हरितगृहांमध्ये डायअमाइड गटातील नव्या औषधांनाही ही अळी जुमानत नसल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

औषध लागू पडेना की शेतकरी मात्रा वाढवतो, फेऱ्या वाढवतो, दोन औषधे एकत्र करतो. उभे पीक डोळ्यांदेखत जात असताना दुसरे सुचणे कठीणच. पण टोमॅटोची तोडणी दर दोन-चार दिवसांनी होते, आणि फवारणीनंतर किती दिवस तोडू नये हे बाटलीवरच्या कागदावर छापलेले असते. हे दोन आकडे जुळले नाहीत की अवशेष फळासोबत बाजारात जातो. पॉलिहाऊसमध्ये पेच अधिक घट्ट होतो. पाऊस औषध धुऊन नेत नाही आणि प्लास्टिकचे आच्छादन औषधाचे विघटन करणारे अतिनील किरण अडवते. वनस्पतीत भिनणारी औषधे तर फळ धुऊनही जात नाहीत.

वाट बदलते ती बहुधा ग्राहकाने माल नाकारल्यावर. स्पेनच्या आल्मेरियातील हरितगृहांच्या ढोबळी मिरचीत २००६ च्या अखेरीस जर्मनीत बेकायदा कीटकनाशकाचे अवशेष सापडले, आणि काही हंगामांतच तिथले शेतकरी मित्रकीटकांकडे वळले. टुटाची अंडी खाणारा ‘नेसिडिओकोरिस’ हा ढेकूण तिथे मुद्दाम सोडतात. तो भारतातील टोमॅटोवरही आढळतो. महाराष्ट्रातही २००३ मध्ये युरोपने द्राक्षांतील अवशेषांवर बोट ठेवले, तेव्हा निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुने आणि पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली तपासणी, अशी साखळी उभी राहिली.

ती साखळी परदेशी जाणाऱ्या घडासाठी होती. मुंबईच्या बाजारात उतरणाऱ्या टोमॅटोच्या क्रेटवर कोणते औषध, कोणत्या तारखेला मारले, याची चिठ्ठी आजही नसते.