तीस पायऱ्यांवरचा टाऊन हॉल

हॉर्निमन सर्कलसमोरचा मुंबईचा टाऊन हॉल आपण सिनेमात अनेकदा पाहिलेला असतो, बहुधा कोर्ट म्हणून. प्रत्यक्षात तिथे पुस्तकं राहतात. लोक त्याला 'एशियाटिक' म्हणतात.

1804 साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन केली. शहराला टाऊन हॉल हवा, ही कल्पनाही त्यांचीच. पैशांसाठी चक्क लॉटरी काढली गेली. ती रक्कम पुरली नाही, तेव्हा उरलेला खर्च ईस्ट इंडिया कंपनीने उचलला. कर्नल थॉमस कूपर यांनी आराखडा केला आणि 1833 साली इमारत पूर्ण झाली.

समोर तीस दगडी पायऱ्या, वर ग्रीक मंदिरासारखे आठ डोरिक खांब. आत उंच छत, लाकडी जमीन, गोल जिने. खाली उभं राहिलं की माणूस आपोआप लहान वाटतो. राज्यकर्त्यांना तेच हवं असावं. 1858 साली राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला.

आतल्या सोसायटीत सुरुवातीला फक्त युरोपियन सभासद होते. माणेकजी करसेटजी यांनी प्रवेश मागितला तेव्हा विरोध झाला, शेवटी 1840 साली ते पहिले भारतीय सभासद झाले. पुढे न्यायमूर्ती तेलंग अध्यक्ष झाले. आज तिथे नाना शंकरशेट यांचा पुतळा आहे.

मला सर्वात जवळची वाटते ती हस्तलिखितांची गोष्ट. 1920च्या दशकात ह. दा. वेलणकरांनी इथल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची सुरू केली. त्याच काळात आसफ फैजी यांनी अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची यादी केली. संस्कृतचा पंडित आणि इस्लामी कायद्याचा अभ्यासक, दोघं एकाच छताखालचा वारसा मोजत होते.

1954च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे पाठवणं प्रकाशकांवर बंधनकारक केलं. त्यात मराठी आली तशी उर्दूही आली.

उर्दू आणि मराठी शिकवताना "सर, उर्दू कुणाची?" असा प्रश्न मुलं विचारतात. मुंबईला सहल नेली तर मी त्यांना या पायऱ्या चढायला लावीन. उत्तर वरच्या कपाटांत आहे.