वाळूतून सुटका : जीन साराझेन आणि १९३२ ची सँड वेज

गोल्फमध्ये टाळ्या मिळतात त्या लांब फटक्याला. सामने मात्र बहुधा ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतालच्या बारीक कातरलेल्या हिरवळीच्या, आसपास हरले जातात. तिथेच वाळूचे खड्डे, अर्थात बंकर, दबा धरून असतात. १९३० च्या सुमारास बंकरमध्ये पडलेला चेंडू म्हणजे शिक्षाच होती. खेळाडूंच्या हाती असे ती निब्लिक नावाची काठी. तिच्या पात्याची पुढची कड धारदार असल्याने ती कुदळीसारखी वाळूत रुतून बसे.

यावर एक उपाय आधीच निघाला होता. पळीसारख्या खोलगट पात्याच्या वेजने बॉबी जोन्सने १९३० च्या ब्रिटिश ओपनमध्ये होयलेक येथे शेवटच्या फेरीत बंकरमधून अप्रतिम फटका मारला आणि स्पर्धाही जिंकली. पण खोलगट पाते चेंडूला एकाच फटक्यात दोनदा स्पर्श करू शकते, हा आक्षेप ग्राह्य ठरला आणि १९३१ मध्ये त्यावर बंदी आली.

न्यूयॉर्कजवळच्या हॅरिसन गावात इटालियन स्थलांतरित सुताराच्या घरी जन्मलेला जीन साराझेन लहानपणी कॅडी होता, विशीत अमेरिकन ओपनचा विजेता झाला. पण वाळू ही त्याची दुखरी नस होती. बंदी आली ती पात्याच्या दर्शनी भागावर. साराझेनने बदल केला तो तळाला. फ्लोरिडातील न्यू पोर्ट रिची येथे त्याने निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने शिसे झाळले, आणि मागची कड पुढच्या कडेहून खाली येईपर्यंत ती कानशीने घासत राहिला. विमान वर उचलताना शेपूट खाली जाते, हे पाहून आपल्याला कल्पना सुचली, असे तो सांगत असे. किस्सा खुमासदार आहे खरा. पण त्याहून मोलाचे वाटतात ते वाळूत घालवलेले तासन्‌तास.

त्या तासांत फटक्याची रीतच बदलली. आता चेंडूवर नेम धरायचा नव्हता. चेंडूच्या इंच-दोन इंच मागे वाळूवर घाव घालायचा. रुंद तळ रुतण्याऐवजी घसरत पुढे जातो आणि वाळूच्या उशीवर बसून चेंडू बाहेर येतो. भीतीपोटी हात आखडणाऱ्या खेळाडूला आता निःशंकपणे काठी फिरवता येऊ लागली.

१९३२ ची ब्रिटिश ओपन केंटमधील सँडविचजवळ, प्रिन्सेस मैदानावर होती. अधिकाऱ्यांनी नवी काठी आधीच पाहिली तर तिच्यावरही बंदी येईल, या धास्तीने सराव संपताच साराझेन ती पिशवीत उलटी खुपसत असे. बंदी आली नाही. २८३ फटक्यांत, मॅकडोनाल्ड स्मिथपेक्षा पाच फटके कमी खेळून, त्याने विजेतेपद मिळवले. त्याच महिन्यात अमेरिकन ओपनही जिंकली.

जाड तळाची कल्पना सर्वस्वी त्याचीच होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. इतरांचेही प्रयोग चालूच होते. पुढे विल्सन कंपनीने ही वेज बाजारात आणली, आणि पिशवीत उलटी लपवलेली काठी दुकानांत उघडपणे विकली जाऊ लागली.