प्रोसेसरची वेग-प्रतवारी

तयार झालेला संगणक-प्रोसेसर किती गिगाहर्ट्‌झवर बिनचूक चालतो हे तपासून त्याची वर्गवारी करण्याची पद्धत. चाकणच्या बाजारात एकाच शेतातला कांदा मोठा, मध्यम आणि गोल्टी असा वेगळा लावतात; प्रोसेसरचेही तसेच.

सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप एकत्र घडतात, पण ट्रान्झिस्टरांच्या मापात सूक्ष्म फरक राहतोच. आधी चकतीवरच बारीक सुया टेकवून चाचणी होते आणि नापास चिप बाद होतात. उरलेल्या कापून आवरणात बसवल्या जातात. मग ठरावीक व्होल्टेज आणि तापमानाला, वेग बदलत, त्यांची पुन्हा परीक्षा होते. उत्तर चुकले, की चिप खालच्या प्रतीत जाते.

पुण्यात सी-डॅकने २००८ मध्ये उभारलेल्या ‘परम युवा’ महासंगणकात इंटेलचे २.९३ गिगाहर्ट्‌झचे, प्रत्येकी चार गाभ्यांचे झिऑन प्रोसेसर होते. त्याच मालिकेत २.४०, २.१३ आणि १.६० गिगाहर्ट्‌झच्या प्रतीही मिळत. ४,६०८ गाभ्यांच्या या यंत्राने लिनपॅक चाचणीत ३७.८ टेराफ्लॉप्सचा वेग नोंदवला आणि नोव्हेंबर २००८ च्या ‘टॉप ५००’ या जागतिक यादीत ६९ वा क्रमांक मिळवला.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत मोटारींना बसणाऱ्या चिपची प्रत मात्र वेगाइतकीच तापमानावरही ठरते. एईसी-क्यू१०० या मानकानुसार ‘प्रत १’ची चिप उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालली पाहिजे, ‘प्रत ०’साठी वरची मर्यादा १५० अंश आहे.