तोफ आली, गाडा कुठे?

भोपाळच्या गांधी मेडिकल कॉलेजच्या आवारात फतेहगडाचा एक बुरूज शिल्लक आहे. त्यावरची ‘ढाई सीढी की मस्जिद’ पाहायला अधूनमधून कुणीतरी येतं, पण या गडाच्या आसपास मराठ्यांनी एक मोठा मोहरा कोंडला होता, हे फारसं कुणाच्या डोक्यात नसतं. डिसेंबर १७३७. त्याच वर्षी मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकून आला होता. हादरलेल्या बादशहाने निजामउल्मुल्काला बोलावलं, आणि निजाम प्रचंड फौज आणि नामांकित तोफखाना घेऊन माळव्यात उतरला. भोपाळला गाठ पडली. निजामाने एका बाजूला तलाव आणि पाठीशी शहराचा तट धरला, पुढे तोफा मांडल्या आणि वाट पाहिली.

बाजीराव तोफांच्या तोंडी गेलाच नाही. जड तोफखान्यात निजामाचं पारडं भारी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने रसद तोडली आणि वाटा बांधल्या. दख्खनेतून नासिरजंग बापाच्या मदतीला येऊ नये म्हणून चिमाजीअप्पा तापीच्या काठी बसले होते. छावणीत धान्य सोन्याच्या मोलाचं झालं, तेव्हा निजाम तोफांच्या आडोशाने बाहेर पडला खरा, पण चाल दिवसाकाठी कोस-दोन कोस! तोफा सोडाव्यात तर मराठी घोडदळ अंगावर येणार, आणि तोफा न्याव्यात तर बैलांच्या पावलानेच चालायला हवं. ज्या तोफांनी निजामाला वाचवलं, त्यांनीच त्याला जखडून ठेवलं. शेवटी ७ जानेवारी १७३८ रोजी सीहोरजवळच्या दोराह्याला तह झाला. नर्मदा ते चंबळ हा मुलूख आणि खर्चापोटी ५० लाख रुपये निजामाने कबूल केले.

ही लढाई पडद्यावर आणायची तर दिग्दर्शकाची पंचाईत होईल. इथे निकाल लावला तो तोफेच्या गाड्याने, आणि आपल्या युद्धपटांत तोफ असते, गाडा नसतो. टेकडीवर ओळीने तोफा उभ्या असतात. त्या तिथवर कशा चढल्या, कुणी ओढल्या, हे विचारायचं नाही. तलवारीची मूठ, जिरेटोपाची घडण, पगडीचा पीळ यांवर प्रेक्षक हिरिरीने भांडतो, आणि त्यात गैर काही नाही. पण काळाचा खरेपणा पहिल्यांदा निसटतो तो चाकाखालून.

हा गाडा कसा होता, ते लिहून ठेवणारा माणूस आपल्याला मिळाला आहे. फ्रेंच वैद्य बर्निये १६६० च्या दशकात औरंगजेबाच्या लष्कराबरोबर काश्मीरच्या वाटेला होता. तो सांगतो की सत्तर जड तोफांपैकी कित्येक ओढायला बैलांच्या वीस-वीस जोड्या लागत. चाक रुतलं किंवा घाट लागला की हत्ती आणायचे आणि त्यांनी डोक्याने, सोंडेने चाकं रेटायची. बादशहाबरोबर राहणाऱ्या हलक्या पितळी तोफांचा थाट निराळाच होता. त्यांचे गाडे लहान आणि रंगवलेले, दोन घोडे जुंपलेले, आणि पाळीसाठी तिसरा घोडा शेजारून हाताने चालवत नेलेला. एवढा एक परिच्छेद कलादिग्दर्शकाने भिंतीवर डकवून ठेवला तरी पुष्कळ काम भागेल.

चित्रच हवं असेल तर तेही आहे. अकबराने १५६८ मध्ये रणथंभोरला वेढा घातला, त्याचा प्रसंग मिस्कीनाने ‘अकबरनाम्या’साठी रचला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो आहे. उभ्या चढावर बैलांच्या जोड्या तोफा ओढताहेत, हा त्याचा विषय. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला नाट्य नेमकं कुठे आहे ते कळलं होतं. विजापूरच्या मुलूख-मैदानीची कथा तर आपल्याच अंगणातली आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही सुमारे पंचावन्न टनांची तोफ पुढे परांड्याहून विजापूरला नेली, तेव्हा ४०० बैल आणि १० हत्ती लागले, असं सांगतात.

मराठी ऐतिहासिक चित्रपटाने हे कधी दाखवलं नाही, त्यालाही कारण आहे. आपल्या या घराण्याचा पाया कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी घातला. त्यांचा ‘सिंहगड’ १९२३ चा, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा. रात्रीची लढाई दाखवायला त्यांनी कृत्रिम दिवे वापरले, तेव्हा ते नवलच होतं. सिंहगडाच्या गोष्टीत लागतो दोर, लागते ढाल-तलवार. कड्यावर चढणाऱ्या मावळ्याला तोफेचं काय काम? भालजी पेंढारकरांपासून अलीकडच्या ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’पर्यंत बहुतेक सारा भर हातघाईवर राहिला. तोफ आमच्या चित्रपटात उशिरा आली, आणि आली ती शोभेला.

ती शोभेची असल्याचं पहिलं लक्षण म्हणजे बार उडाल्यावर ती जागची हलत नाही. बत्ती दिली, धूर निघाला, तोफ तशीच. खरी तोफ बार होताच गाड्यासकट कित्येक फूट मागे धावे. गोलंदाजांनी ती पुन्हा रेटून जागेवर आणायची, नळी ओल्या बोळ्याने पुसायची, दारू ठासायची, गोळा सोडायचा, नेम धरायचा. गाडा जागेवर राहतो आणि नळी तेवढी मागे-पुढे सरकते, ही करामत यशस्वीपणे साधली ती फ्रेंचांच्या १८९७ च्या ७५ मिलिमीटर तोफेत. म्हणजे अठराव्या शतकातली तोफ पडद्यावर ढिम्म उभी राहिली, की तिथे दीडशे वर्षांची गफलत झालेली असते.

दुसरं लक्षण आगीचा लोळ. मैदानातल्या तोफेचा नेहमीचा गोळा भरीव लोखंडाचा किंवा दगडाचा. तो फुटत नसे. जमिनीवर टप्पे घेत जाई आणि वाटेतला घोडा, माणूस, चाक जे येईल ते मोडून टाकी. फुटणारे कुलपी गोळेही होते, पण ते सरसकट नव्हेत. टप्पे घेणारा गोळा दाखवायला अवघड आणि पेट्रोलचा भडका सोपा, म्हणून भडका.

आणि पल्ला? ‘तान्हाजी’त (२०२०) उदयभान कोंढाण्यावर आणतो ती अजस्र ‘नागिण’, राजगडाचा वेध घ्यायला. दोन्ही गडांमध्ये सरळ रेषेतही पंधराएक किलोमीटरचं अंतर आहे. त्या काळच्या तोफेचा कामाचा पल्ला दोन-तीन किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाई. चित्रपट रंजक आहे, नागिण मात्र पटकथेच्या ओतशाळेतली.

गाड्याचा पुढचा वंश भोपाळहून तीनशेएक किलोमीटरवर वाढला. १९०४ मध्ये इंग्रजांनी जबलपूरला गन कॅरेज फॅक्टरी काढली, म्हणजे तोफगाड्यांचाच कारखाना. आजूबाजूला सागाचं रान आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग दारात. याच कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने शक्तिमान ट्रक बनू लागला, आणि निस्सानच्या ‘पॅट्रोल’ मोटारीवरून घेतलेली ‘जोंगा’ ही लष्करी गाडीही जबलपूरचीच. २०१९ मध्ये लष्कराला मिळालेल्या १५५ मिलिमीटरच्या ‘धनुष’ तोफाही इथल्याच.

हिंदी युद्धपटात जोंगा दिसली की प्रेक्षकाला आपोआप ‘फौज’ दिसते, आणि घोळ तिथेच होतो. जोंगा लष्करात आली १९६९ च्या सुमारास. १९७१ च्या प्रसंगात ती चालेल, १९६५ च्या नाही, ६२ च्या तर मुळीच नाही. उत्पादन १९९९ मध्ये थांबलं, लिलावातून गाड्या नागरिकांच्या हाती गेल्या, २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीनेही एक घेतली. मिळायला सोपी म्हणून ती कोणत्याही साली घुसते.

बाहेरच्यांनीही कमी थापा मारलेल्या नाहीत. ‘बॅटल ऑफ द बल्ज’मध्ये (१९६५) जर्मन टायगर म्हणून स्पेनच्या सैन्याचे अमेरिकी रणगाडे फिरले. ‘केलीज हीरोज’ आणि ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये रशियन टी-३४ ला टायगरचा मुखवटा चढवला. चालू स्थितीतला खरा टायगर पडद्यावर आला २०१४ च्या ‘फ्युरी’त, ब्रिटनच्या बोव्हिंग्टन संग्रहालयातून. आपल्याकडे ‘पिप्पा’साठी (२०२३) गरीबपूरच्या लढाईतला पीटी-७६ जातीचा खरा रणगाडा मिळवून वापरला, तेव्हा पाण्यावर तरंगणाऱ्या त्या डब्याचं वजन आणि चाल दोन्ही पडद्यावर जाणवलं.

शेवटी पुन्हा तोफ आणि गाड्याकडे. १९६५ च्या खेमकरणच्या लढाईत अब्दुल हमीद यांच्याकडे होती ती साधी जीप, तिच्यावर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. लोंगेवालाच्या स्मारकावरही तशी जीप ठेवलेली आहे. या तोफेला धक्काच नसतो, म्हणून तिला ना बैल लागत, ना भक्कम गाडा. बार होताना दारूचा जाळ नळीच्या मागच्या बाजूनेही सुटतो आणि दोन्हीकडचा जोर फिटतो. त्यामुळे तिच्या मागे पुष्कळ मीटरपर्यंत माणूस उभा करता येत नाही. चित्रपटात मात्र नायकाचे दोन साथीदार नेमके तिथेच उभे असतात, आणि गोळा लागला की टाळ्या पिटतात.