शाळा उघडली, पोरं अजून मामाच्या गावाला : सीमाभागातल्या मराठी शाळांचा पहिला पंधरवडा

मे महिना संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांची दारं उघडतात. खोल्या झाडून होतात, चौकटीला आंब्याचे डहाळे लागतात, पहिलीच्या पोरांच्या हातात गुलाबाचं फूल येतं. कर्नाटकाचं शिक्षण खातं याला 'प्रारंभोत्सव' म्हणतं. त्याच्या आगेमागे 'विशेष दाखलाती आंदोलन' असतं. नाव ऐकून दचकू नका, 'दाखलाती' म्हणजे कन्नडमध्ये प्रवेश. शिक्षक गल्लीगल्लीत फिरून शाळेच्या वयाची मुलं शोधतात आणि पालकांना भेटतात, ते हे आंदोलन.

फुलं-फुगे ठीकच आहेत. पण पाहुण्यांच्या सत्कारात तास जातो आणि पहिलीचं पोर आईच्या पदराला धरून तिथंच झोपी जातं, असं अनेक ठिकाणी दिसतं. स्वागत मुलांचं की पाहुण्यांचं, हे एकदा शाळेनं ठरवून टाकावं. सीमाभागात या दिवसांना आणखी एक वजन आहे. मराठी शाळेचं पुढचं वर्ष कसं जाणार, हे बरंचसं या पंधरा दिवसांत ठरतं.

तीन राज्यं, तीन तारखा

कर्नाटकात शाळा मे-अखेरीस किंवा १ जूनच्या आसपास सुरू होतात. महाराष्ट्रात, विदर्भ सोडला तर, साधारण १५ जूनला. गोव्यात वर्षानुवर्षं जूनमध्येच सुरू होत, पण २०२५ मध्ये सहावीच्या पुढचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्येच भरले. आता आपल्याकडची सोयरीक बघा. आई चंदगडची, आत्या पणजीला, मामा कोल्हापुरात. मामाच्या पोरांना अजून पंधरा दिवस सुट्टी, मग आपलं पोर तरी कशाला लवकर येईल? "राहू दे की आठवडाभर, पहिल्या आठवड्यात काय शिकवतात?" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं.

पहिल्या आठवड्यांत शिकवतात ते 'सेतुबंध'. मागच्या इयत्तेचं मुलाला काय येतं आणि काय सुटलंय, हे तपासून ती गळती भरायचा हा काळ. जे पोर १५ जूननंतर येतं, त्याचं नेमकं हेच राहून जातं.

खानापूरच्या पश्चिमेकडे तर मे-अखेरची तारीख शहाणपणाची आहे. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, कोंगळा, पास्तोलीसारख्या गावांना पावसाळ्यात ओढे-नाले ओलांडणं किती अवघड होतं, ते तिथल्या माणसांना सांगायला नको. मोठा पाऊस लागायच्या आधी मिळालेले दिवस हेच तिथे नीट भरणारी शाळा. ते मामाकडे घालवू नयेत.

एका मुलाचा हिशेब

आता मुद्द्याचं. शाळेत किती शिक्षक, हे पटावर ठरतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी आकडे दिलेत. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. म्हणजे ६० मुलं असली तर पाच इयत्ता दोघांनी सांभाळायच्या आणि ६१ वं मूल आलं की तिसऱ्या शिक्षकाचा हक्क तयार होतो. हक्क तयार झाला म्हणजे शिक्षक लगेच येतोच असं नाही, बऱ्याचदा अतिथी शिक्षकावर भागवलं जातं. पण हक्कच नसेल तर मागणार तरी कशाच्या जोरावर?

उलटंही होतं. पट घसरला की असलेला शिक्षक 'जास्तीचा' ठरून दुसरीकडे जातो. मग उरलेले पालक म्हणतात, एकच शिक्षक आहे तर पोराला इथे कशाला ठेवायचं. पट आणखी घसरतो, आणि शाळा जवळच्या शाळेला जोडायची कुजबुज सुरू होते. ही साखळी ज्या गावात लागली, तिथल्या लोकांना ती वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

हा पट कागदावरचा नव्हे, संगणकावरचा असतो. कर्नाटकात प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद 'सॅट्स' प्रणालीत होते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. पोर रोज वर्गात बसतंय, पण सॅट्सवर चढलेलं नाही, तर हिशेबाला ते नाहीच. पहिल्या पंधरवड्यात मुख्याध्यापकांना एवढं जरूर विचारा : "सर, नोंद झाली का? क्रमांक काय?"

भाषेचाही एक हिशेब आहे. राज्यघटनेचं कलम ३५० क १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं आणि स्थानिक संस्थेनं करावा, असं ते सांगतं. किती मुलं असली म्हणजे सोय करायची, याचं माप त्याच्याही आधीचं आहे. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ते ठरलं : शाळेत ४० किंवा वर्गात १०. माप जुनं आहे, पण मराठी वर्गासाठी निवेदन लिहिताना आजही हेच आकडे पुढे ठेवले जातात. दहा मुलं वर्गात दिसली पाहिजेत, नुसती गावात असून चालत नाही.

प्रवेश घेताना

पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण, असा कर्नाटकाचा नियम आहे. २०२५-२६ साली एकदा सवलत देऊन तो पाच वर्षं पाच महिन्यांवर आणला होता. दोन-चार महिन्यांचा फरक असेल तर घरी अंदाज बांधत बसू नका, शाळेत जाऊन चालू वर्षाचा आदेश विचारा.

जन्मदाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेऊन प्रवेश ठरवणंही चालत नाही. आधार कार्ड नाही म्हणून शाळेनं मूल परत पाठवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालातून स्पष्ट झालंय. आधार असेल तर जरूर द्या, नंतरची कामं सोपी होतात. पण ते नाही म्हणून पोर घरी बसवू नका.

आपल्याकडे कामासाठी गोव्यात, पुण्यात गेलेली आणि परत आलेली कुटुंबं पुष्कळ. त्यांची अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची, ज्याला सगळेच 'टीसी' म्हणतात. तिकडची शाळा दाखला देईना, इकडची दाखल्याशिवाय घेईना, आणि यात जून संपतो. कायद्याचं कलम ५ यासाठीच आहे. राज्यातल्या किंवा राज्याबाहेरच्या शाळेत जायचं असलं तरी मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि तो उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मूल आधी वर्गात बसतं, कागद मागून येतो.

नावाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. जन्मदाखला कोल्हापूरच्या दवाखान्याचा, मराठीत. आधार इंग्रजीत. शाळेची नोंद कन्नड आणि इंग्रजीत. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी, तिसऱ्या ठिकाणी वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. पहिलीत हे किरकोळ वाटतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर तेच उतरतं, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी बेंगळूरपर्यंत कागद फिरतात.

याच अर्जात 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. घाईत कुणी तिथे 'कन्नड' लिहिलं किंवा तो रिकामाच सोडला, तरी त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. पण महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी सोय आहे आणि तिथे रहिवासाबरोबर मातृभाषेचा दाखलाही मागतात. बारावीनंतर तो काढताना शाळेची नोंद आड येऊ नये, म्हणून रकाना आत्ताच स्वतः वाचून घ्या.

पुस्तकं, जेवण आणि कन्नड

सरकारी शाळेत पुस्तकं, गणवेश मोफत. दुपारी 'अक्षर दासोह'चं जेवण, जे अनुदानित शाळांतही दहावीपर्यंत मिळतं. २०१३ पासून 'क्षीरभाग्य'चं दूध आलं. अंडं मिळतं आणि न खाणाऱ्याला केळं. घरी विचारत जा, "आज काय जेवलास?" पोरं या बाबतीत खोटं बोलत नाहीत.

मराठी माध्यमाची पुस्तकं इथे कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची असतात, बालभारतीची नव्हे. कोल्हापूर-गडहिंग्लजहून हौसेनं आणलेलं गाईड धड्याला धडा जुळत नाही, पैसे वाया. छापील पुस्तक हातात पडायला उशीर झाला तर संघाच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते. तोवर वरच्या वर्गातल्या मुलाचं जुनं पुस्तक मागून घ्यायची रीत गावात आहेच. ती उत्तम, फक्त पुस्तक बदललेलं नाही ना, एवढी खात्री करा.

"मराठीत घातलं तर कन्नड येणार नाही, मग नोकरी कशी लागणार?" ही पालकांची खरी भीती आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. उत्तर असं, की मराठी शाळेतही कन्नड आहेच. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानं २०१७-१८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सगळ्या शाळांत ते सक्तीचं झालं. इंग्रजीही पहिलीपासून, २००७-०८ पासून. मराठी माध्यमाचं पोर तीन भाषा शिकतं. त्या नीट शिकवल्या जातात का, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे, आणि तो शाळेत जाऊन विचारायचा. माध्यम कोणतं हा निर्णय शेवटी तुमचा. सरकारला मातृभाषेचं माध्यम लादता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकाच्याच खटल्यात ६ मे २०१४ ला सांगितलंय. निर्णय घ्या, पण शेजाऱ्याच्या पोराची बस दारात येते म्हणून घेऊ नका.

सातवी झालेल्यांच्या पालकांसाठी : सरकारी मराठी शाळा बहुतेक गावांत तिथेच संपते, पुढे संस्थांची अनुदानित हायस्कूलं. तिथे आठवीचा प्रवेश, दाखला, बसचा पास ही सगळी कामं एकाच आठवड्यात येतात. आधीच मोकळे व्हा.

पहिल्या बैठकीला कोण जातं?

शाळा सुधारणा समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात सहीला बाई आणि बोलायला तिचा नवरा, हे चित्र अजून आहे. गंमत अशी की महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या आया मराठी छान वाचतात, घरचा अभ्यासही त्याच घेतात, पण शाळेच्या ग्रुपवर कन्नड परिपत्रक आलं की गप्प होतात. तेव्हा पहिल्याच बैठकीत मागणी करा, परिपत्रक जसंच्या तसं पुढे पाठवू नका, खाली दोन ओळी मराठीत लिहा. बऱ्याच शाळांतले शिक्षक हे करतात. न करणाऱ्यांना सहसा कुणी सांगितलेलंच नसतं.

शिक्षक घरी आले तर त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नका. आणि शिक्षकांनीही नुसतं "पोराला पाठवा" म्हणून जाऊ नये. गेल्या वर्षी शाळेत काय झालं, यंदा शिक्षक किती, कन्नड-इंग्रजीला कोण, हे चहा पिता पिता सांगावं. पालक वळतो तो अशा बोलण्यानं.

प्रवेश अडला, दाखला मिळाला नाही किंवा शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर आधी मुख्याध्यापक, मग तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी. जिल्ह्याला बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक विभाग आहेत. खानापूर बेळगावकडे आणि निपाणी चिकोडीकडे येते, अर्ज चुकीच्या कचेरीत टाकू नका. तोंडी सांगून येऊ नका, कागदावर लिहा, दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.