बहुस्तरीय वेब ॲप्लिकेशन : काय शिकावे, कोणत्या क्रमाने?

पालघर तालुक्यातील मुरबे हे मच्छीमारांचे गाव. ऑगस्ट २०२१ मध्ये येथील एका बोटीला दीडशेहून अधिक घोळ मासे मिळाले आणि लिलावात त्यांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. घोळीच्या ‘बोता’ला, म्हणजे पोटातील हवेच्या पिशवीला, परदेशात मोठी मागणी असल्याने हा मासा इतका महाग विकला जातो. अशा लिलावाचा हिशेब संगणकावर ठेवायचा झाल्यास बोटीचा माल, व्यापाऱ्याची बोली, डिझेल व बर्फाची वजावट आणि खलाशांचा वाटा या साऱ्यांचा मेळ बसावा लागतो. शिवाय कारकून, बोटमालक आणि दूरच्या शहरातील व्यापारी हे सारे एकाच वेळी तो हिशेब पाहू शकले पाहिजेत. अशा कामासाठी जी प्रणाली उभारली जाते, तिला बहुस्तरीय वेब ॲप्लिकेशन म्हणतात. रेल्वेचे ऑनलाइन आरक्षण आणि बँकांचे इंटरनेट व्यवहार याच पद्धतीने चालतात.

तीन स्तर कोणते?

पहिला स्तर सादरीकरणाचा. ब्राउझरमध्ये दिसणारे अर्ज, तक्ते आणि बटणे यांत येतात. दुसरा स्तर व्यवसायनियमांचा. वजावट किती, वाटा कसा काढायचा, बोली कोणाची मान्य करायची, हे सर्व्हरवरील आज्ञावली ठरवते. तिसरा स्तर डेटाबेसचा. तेथे नोंदी कायम राहतात. स्तर वेगळे ठेवण्याचा लाभ उघड आहे. वाट्याचा नियम बदलला तर तो एकाच ठिकाणी बदलावा लागतो, आणि उद्या मोबाइल ॲप आले तरी तेच नियम त्यालाही लागू पडतात.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे सारी तपासणी पहिल्या स्तरावर करणे. ब्राउझर हा वापरकर्त्याच्या हातात असतो. तेथील तपासणी कोणालाही टाळता येते. म्हणून प्रत्येक रक्कम आणि प्रत्येक अधिकार सर्व्हरवर पुन्हा पडताळणे अनिवार्य आहे.

साधने बदलतात, तत्त्वे टिकतात

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये ‘जावा’ ही भाषा आणली आणि १९९९ मध्ये मोठ्या उद्योगांसाठी ‘जे-टू-ईई’ हे मानक जाहीर केले. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘डॉट नेट’ आले. जे-टू-ईईतील गुंतागुंतीला कंटाळलेल्यांसाठी २००४ मध्ये ‘स्प्रिंग’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने ताब्यात घेतली, तर जावाचे ते औद्योगिक मानक पुढे एक्लिप्स फाउंडेशनकडे जाऊन २०१८ मध्ये ‘जकार्ता ईई’ झाले. केवळ एखाद्या साधनाच्या आज्ञा पाठ करणाऱ्याला अशा प्रत्येक वळणावर नव्याने सुरुवात करावी लागते. स्तरांचे तत्त्व समजलेल्याला मात्र फक्त नवी नावे शिकावी लागतात.

शिकण्याचा क्रम

प्रथम जावा, सी-शार्प किंवा पायथन यांपैकी एकच भाषा पक्की करावी. त्यानंतर डेटाबेस आणि ‘एसक्यूएल’ यांचा अभ्यास करावा. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली तक्त्यांची संकल्पना आजही बहुतेक व्यावसायिक प्रणालींचा पाया आहे. तिसऱ्या टप्प्यावर ‘एचटीटीपी’ समजून घ्यावे. या पद्धतीत सर्व्हर मागची विनंती आपोआप लक्षात ठेवत नाही. कुकी आणि सेशन यांची गरज त्यातूनच निर्माण होते.

चौथा विषय ‘ट्रान्झॅक्शन’चा, हिशेबाचा खरेपणा त्यावरच अवलंबून असतो. बोली मान्य झाली की व्यापाऱ्याच्या खात्यात रक्कम नावे पडते आणि बोटीच्या खात्यात जमा होते. या दोन नोंदींच्या मध्येच वीज गेली तर अर्धी नोंद राहता कामा नये. एक तर दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. त्याचप्रमाणे एकाच क्षणी आलेल्या दोन बोलींपैकी एकच मान्य होईल, याची हमीही प्रणालीने द्यावी लागते. हे पाच-सहा महिने सरावाने पचल्यावरच स्प्रिंगसारख्या फ्रेमवर्ककडे वळावे.

प्रशिक्षणाच्या वाटा

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’चा प्रगत संगणनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्णवेळ व सहा महिन्यांचा असून त्याला ‘सी-कॅट’ ही प्रवेश परीक्षा असते. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या उपक्रमावर घरबसल्या अनेक विषय विनाशुल्क शिकता येतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि ओपन जेडीके ही साधनेही मोफत आहेत. बोईसर-पालघर परिसरातील विद्यार्थ्याने खासगी वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी एवढेच विचारावे, की तिन्ही स्तरांची एक संपूर्ण प्रणाली येथे प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे करून घेतली जाते का?

सरावासाठी मासळीच्या लिलावाचाच छोटा प्रकल्प पुरेसा आहे. बोटी, व्यापारी, बोली आणि खाती असे चार तक्ते आणि वाटा काढण्याचा एक नियम. प्रकल्प पूर्ण झाल्यावर नोंद होत असतानाच सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावा. पुन्हा सुरू केल्यावर जमा आणि नावे जुळले, तर विद्यार्थ्याची तयारी योग्य दिशेने चालली आहे असे समजावे.